डावं चाक

आमची फियाट एकसष्ट सालची. घेतली तेव्हा पुढच्या सीटवर माझी आई बसायची आणि मागे डावीकडे श्यामला, माझी बायको. आई गेल्यावर पुढची जागा रिकामी झाली, पण श्यामला काही पुढे आली नाही. "पुढे बसलं की यांचं ड्रायव्हिंग दिसतं," असं ती चारचौघांत सांगायची. मंडईतून येताना पिशव्या मांडीवर, खांदा दाराला टेकलेला आणि मागून सूचना चालू. मी पाठमोराच उत्तरं द्यायचो. आमचा निम्मा संसार असा एकमेकांकडे न बघता बोलण्यात गेला, आणि झकास गेला.

ती वारली त्या उन्हाळ्यापासून गाडी मागे डावीकडे बसायला लागली.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्ररचना शिकवलेला माणूस. श्यामलाच्या दहाव्याला कावळा पटकन शिवला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तेव्हाही मी "भुकेला असेल" एवढंच म्हणालो होतो. गाडीचा डावा मडगार्ड चाकावर टेकायला आला, तेव्हा ती सरळ नाना पेठेत जयसिंगच्या गॅरेजमध्ये नेली.

जयसिंगनं स्प्रिंगचे पाटे नवे घातले. फरक नाही. शॉकअॅब्सॉर्बर बदलले. तरी नाही.

"मागचा अॅक्सलच वाकलाय, काका," तो शेवटी म्हणाला. "शिवाय आतले दात झिजलेत, घरघर ऐकताय ना? या मॉडेलचा आता मिळायचा नाही. नंतरच्या गाडीचा बसवू. थोडं कापावं लागेल, वेल्डिंग करावं लागेल."

"बसवा," मी म्हणालो.

निवृत्त मास्तराला दुसरं काम काय! मी स्टूल टाकून देखरेख करत बसलो. नवा अॅक्सल जरा रुंद होता. पाटे धरणारे कान कापून नव्या जागी जोडले, ब्रेकचे पाइप वळवले. जॅक काढला आणि गाडी चारी चाकांवर सारखी उभी राहिली. मी पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये. मला फार बरं वाटलं.

घरी येताना टिळक रस्त्याला वळलो आणि सवयीनं म्हणालो, "काच लावून घे गं, धूळ येतेय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती गेल्यापासून हे मी रोज म्हणत आलो होतो. आणि रिकाम्या सीटला मात्र आज पहिल्यांदा म्हणालो होतो. गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. वैकुंठ स्मशानात तिला निरोप देतानासुद्धा इतका रडलो नव्हतो.

काही आठवडे कसेबसे काढले. मग गॅरेजमध्ये जाऊन म्हणालो, "जुना अॅक्सल परत बसवा."

जयसिंग माझ्याकडे बघतच राहिला. "तो गेला, काका. मांजरी गावच्या गेनबानं नेला, उसाच्या बैलगाडीला. आता बैलगाड्यांना मोटारीचेच अॅक्सल लावतात. पण ती घरघर तुम्हाला कशाला हवीय?"

"सवय झाली होती," मी म्हणालो आणि तसाच मांजरीला निघालो.

गेनबा उसाच्या फडाच्या कडेला भेटला. शेजारी त्याची गाडी रिकामी उभी होती, बैल जुंपलेले. मी अॅक्सलचं नाव काढताच त्यानं तक्रारच सुरू केली.

"तुमचाच का त्यो? आवो, गाडी रिकामी हाय, तरी डावं चाक दबतंय. टायर बदलला, हवा मारली. काय उपेग न्हाई. डावा बैल चालायलाच तयार न्हाई."

मी वाकून बघितलं. या गाडीला स्प्रिंगच नव्हती. अॅक्सल सरळ साट्याच्या लाकडी चौकटीला आवळलेला. बसण्यासारखं, दबण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. उजवा टायर टणक, गोल. डावा मात्र खाली पसरलेला.

"मी जरा वर बसू?"

"बसा की."

वर चढलो. डावीकडची फळी सोडून उजवीकडे बसलो. इतक्या वर्षांत मी तिच्या शेजारी कधी बसलोच नव्हतो. गाडी चालवणारा मी.

"मी आलोय," म्हणालो.

"आरं तिच्या!" गेनबा खालून म्हणाला.

डावा टायर गोल होत होता. सावकाश.

माझ्याखालची फळी खाली गेली. उजवा टायर मातीत पसरला. मी अंगानं किडकिडीत माणूस, माझ्या वजनाला तो इतका पसरायचं कारण नव्हतं.

ऊन डावीकडून येत होतं. माझ्या डाव्या दंडाला ते लागेनासं झालं.

मी किती वेळ तसा बसलो, कोण जाणे. मला तिथून हलायचंच नव्हतं.

"चल," शेवटी म्हणालो. "घरी जाऊ. फियाट रस्त्यावर उभी आहे."

खाली उतरलो आणि हात पुढे केला.

उजवा टायर दबलेलाच राहिला.

"श्यामला, चल ना गं."

बैलानं मान हलवली. बाकी काही हललं नाही.

गेनबानं चाकाकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. फडात जाऊन त्यानं उसाची मोळी आणली आणि उजवीकडची एका माणसाची जागा मोकळी सोडून ती डावीकडे रचली.