भाऊसाहेबांचा ताप

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरची. मी नर्सिंगच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि फावल्या वेळात कथा लिहीत होते. आमच्या ट्यूटर सिस्टरांच्या मते मी कथा लिहीत होते आणि फावल्या वेळात नर्सिंग करत होते.

सरावाच्या खोलीत रबराचा माणसाएवढा बाहुला होता. भाऊसाहेब. त्यांचं अंग पुसायचं, चादर बदलायची आणि पुढच्या मुलीला तोंडी रिपोर्ट द्यायचा, असा सराव असे. बाकीच्या म्हणत, "पेशंट बरा आहे." माझ्याच्यानं तेवढ्यावर थांबवत नसे. "भाऊसाहेब सर्कशीत तिकिटं फाडायचे," मी सांगायची. "बायको रुसून माहेरी गेलीय. काखेत फार गुदगुल्या होतात, जपून पुसा."

मुली हसून लोळायच्या. सिस्टर हसत नसत.

"पाहिलं तेवढंच सांगायचं," त्या म्हणाल्या. "वॉर्डात अशी थाप मारलीस तर माणूस जाईल. परीक्षेत पदरचा एक शब्द घाल, मी स्वतः तुला नापास करीन."

नापास म्हणजे घरी. आणि घरी मामांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलगा जेवताना बोलत नसे, आणि एरवीही नाही.

माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला आम्ही जांभई म्हणायचो. एकदा ती भाऊसाहेबांचं अंग पुसून आली ती टक्क जागी होऊन.

"अगं, काख पुसताना त्यांनी हात आखडला."

"रबर आहे. आखडतं."

"मग मी सॉरी म्हटल्यावर सैल कसा सोडला?"

मी तिची भरपूर थट्टा केली. पुढच्या रिपोर्टात मी सांगितलं, भाऊसाहेबांना भिंतीकडे तोंड करून झोपायला आवडतं. तेव्हापासून ते रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून सापडू लागले. सिस्टरांना वाटे, मी वळवते. मला वाटे, जांभई वळवते. जांभईनं त्या खोलीत एकटीनं जाणंच सोडलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी शेवटचा रिपोर्ट देताना माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आज भाऊसाहेबांचं अंग मोडून आलंय."

दुसऱ्या दिवशी बाहेरून परीक्षक बाई आल्या. "ताप बघा आणि रिपोर्ट द्या," म्हणाल्या. मी भाऊसाहेबांच्या काखेत थर्मामीटर ठेवला. बाहुल्याचा ताप बघायचा म्हणजे थोडं थांबायचं आणि 'नॉर्मल' म्हणायचं, इतकंच असतं.

पारा एकशे दोनवर होता.

झटकून पुन्हा लावला. एकशे दोन.

कपाळावर हात ठेवला. रबर भाजत होतं. खोलीत ऊन नव्हतं.

सिस्टर माझ्यावर डोळे रोखून बसल्या होत्या. नॉर्मल म्हटलं तर पास. पाहिलेलं सांगितलं तर नापास, आणि मामांचा तो मुका मुलगा जन्मभर समोर.

"एकशे दोन," मी म्हणाले.

परीक्षक बाई हसल्या. "बाहुल्याला?"

सिस्टर ताडकन उठल्या. माझ्या हातातला थर्मामीटर ओढून घेतला. वाचला. मग हाताची पाठ भाऊसाहेबांच्या गालाला लावली.

बराच वेळ तशीच ठेवली.

"बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "गार पाण्याच्या पट्ट्या ठेव."

मी ठेवल्या. एकेक पट्टी बघता बघता वाळत होती.

मी पास झाले. मामांच्या स्थळाला दुसरी मुलगी मिळाली. ती दोघांच्या वाटचं बोलते म्हणे. जांभईनं नोकरी कधी केलीच नाही, ती आता नातवंडांच्या आधी झोपते. मी निवृत्त होईपर्यंत वॉर्ड सांभाळला आणि सोबत कथांची पुस्तकंही काढली. सिस्टर होत्या तोवर प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारायच्या, "यातलं पाहिलेलं किती?"

नवा बाहुला आल्यावर भाऊसाहेबांना माळ्यावर टाकलं होतं. परवा कॉलेजची ती इमारत पाडायला काढली, तेव्हा आम्हा जुन्या मुलींना बोलावलं होतं. हमालांनी भाऊसाहेबांना खाली आणून पालथं ठेवलं.

इतकी वर्षं ते उताणेच पडून होते. पेशंटची कूस कुणी बदलली नाही की कमरेखाली जखम होते. तशीच जखम होती, रबरात.

ओली होती.