दे आणि सोड

जुन्या गाडीचं दुखणं शोधायला दोन माणसं लागतात. एकाने बोनेट उघडून कार्बोरेटरपाशी डोकं खुपसायचं, दुसऱ्याने केबिनमध्ये बसून पॅडलवर पाय ठेवायचा. बोनेट वर असलं की दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, म्हणून कामापुरते दोनच शब्द. ‘दे’ म्हटलं की रेस द्यायची, ‘सोड’ म्हटलं की पाय काढायचा. मधल्या वेळात जग बुडालं तरी पाय हलवायचा नाही, कारण समोरच्याची बोटं पंख्याजवळ असतात.

घाटाच्या पायथ्याच्या त्या गॅरेजात दोघे भाऊ उमेदीची सगळी वर्षं असंच काम करत आले होते. धाकटा बोनेटपाशी, थोरला केबिनमध्ये. धाकट्याला गिऱ्हाइकं मिस्त्री म्हणत, थोरल्याला दादा. मिस्त्री चिडवायचा, “तू कसला कारागीर रे, तू तर पॅडलवर ठेवलेली वीट.” दादा आतून हसायचा. “वीट तुझं ऐकते का? मी ऐकतो.”

आणि दादा गेला तोही पॅडलवर पाय ठेवूनच. गेल्या हिवाळ्यात, त्याच्या स्वतःच्या लाडक्या पिकअपचं काम चालू असताना. मिस्त्री ‘दे’ म्हणाला, रेस चढली. ‘सोड’ म्हणाला, ती उतरली नाही. दोनदा ओरडून झाल्यावर मिस्त्री शिव्या देतच बोनेटला वळसा घालून गेला. दादा स्टिअरिंगमागे ताठ बसलेला होता, डोळे उघडे, आणि पाय तळाशी रुतलेला. पाय उचलून बाजूला ठेवायला मिस्त्रीला दोन्ही हात लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल.

आज वहिनी निघाली होती. डोंगरापलीकडे तिला नोकरी लागली होती, उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. पिकअपच्या मागे पलंग, कपाट, गाद्या दोरीने करकचून बांधलेल्या. बरोबर तिची लेक, छकुली. सगळं तयार, फक्त गाडी खोड्या करत होती.

“काल सिग्नलला उभी होते, भाऊजी,” वहिनी म्हणाली होती. “पाय काढलेला. आणि रेस आपली वाढतेय, वाढतेय. तुम्ही बघा बाई एकदा. लेकरू घेऊन घाट चढायचाय.”

दुपार कलली तसं डोंगरावरून धुकं खाली सरकायला लागलं. मिस्त्रीनं बोनेट उघडलं. प्लग काढले, काळे पडले होते, म्हणजे इंजिन पेट्रोल जास्त पितंय. चोक अडकत असेल म्हणून तपासला, तो छान उघडझाप करत होता. पेट्रोलचे बारीक जेट फुंकून साफ केले. पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट हलवून पाहिला. हवा कुठून चोरून आत शिरते का ते साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. रेस परत खेचणारी स्प्रिंग जुनी होती, ती नवी टाकली. असा एकही दोष सापडेना की ज्याच्या माथी खापर फोडावं. निरोगी माणसाला ताप यावा तसा प्रकार होता, आणि मिस्त्रीला ते मुळीच आवडलं नाही.

इंजिन चालू करून तो कार्बोरेटरवर वाकला. स्क्रू हलकेच फिरवला आणि सवयीनं म्हणाला, “दे.”

रेस चढली. गोल, एकसारखी, जराही धक्का नाही.

“सोड.”

उतरली. वहिनी येऊन बसलेली दिसते, त्याला वाटलं. बरं झालं. पुन्हा दे, पुन्हा सोड. किती नेमका पाय! नवऱ्याकडून शिकली, दुसरं काय. त्याला मनापासून बरं वाटलं.

“भाऊजी, चहा.”

आवाज त्याच्या पाठीमागून आला होता. वहिनी कप घेऊन उभी होती, खांद्यावर छकुलीच्या वेणीची रिबीन.

“तुम्ही... आत नव्हता?”

“आत कुठे? पोरीची वेणी घालत होते. सापडलं का काही?”

मिस्त्रीनं बोनेटच्या कडेनं वाकून पाहिलं. केबिन रिकामी होती. वहिनीला काय सांगणार? तो म्हणाला, “होईल. जरा थांबा.” चहा त्याला कडू लागला.

ती घरात गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. केबल अडकत असणार, त्यानं स्वतःची समजूत घातली. पॅडलपासून येणारी तार कार्बोरेटरवरून सोडवली आणि तिचं टोक चिमटीत धरलं. आता कुणी पॅडल दाबलं, तरच ही तार आत ओढली जाईल. एरवी ती मेलेल्या दोरीसारखी पडून राहणार. धुकं आता गॅरेजच्या दारात आलं होतं. पेट्रोलच्या वासात आणखी एक वास मिसळला होता, दादाच्या डोक्याच्या तेलाचा.

म्हणू नये हे त्याला कळत होतं. तरी तो म्हणाला, अगदी हळू.

“दे...”

तार त्याच्या बोटांतून सरकली. केबिनकडे. सावकाश, शेवटपर्यंत, आणि ताणलेली राहिली.

“सोड,” मिस्त्री म्हणाला. “सोड... सोड म्हणतो ना...”

तार थरथरत होती. पलीकडे कुणीतरी पूर्ण भार टाकून बसलं होतं. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, भीतीनं की कशानं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

“दादा... सोड ना रे.”

तार सैल पडली.

मग मिस्त्रीनं एकच केलं. केबलच उपसून काढली, गुंडाळून खिशात घातली. केबल नाही तर रेस नाही, आणि रेस नसताना भरलेली पिकअप घाट काय चढणार! आज कुणी कुठे जायचं नाही. वहिनीला काहीतरी थाप मारू, उद्या दुसरी गाडी बघू. ते उघडं बोनेट त्याला आता बघवेना, त्यामागे कोण आहे हे दिसत नव्हतं म्हणून. त्यानं ते धाडकन पाडलं आणि मागच्या नळावर हात धुवायला गेला.

चूक झाली ती इथे. त्या गॅरेजात बोनेट पाडलं म्हणजे गाडी तयार, हे वहिनीला लग्न झाल्यापासून माहीत होतं. विचारायची पद्धतच नव्हती, आणि धुकं दाटायच्या आत निघायची तिला घाई होती. साबणाचे हात घेऊन मिस्त्री पुढे धावला तोवर पिकअप रस्त्याला लागली होती. घाटाचा पहिला चढ ती दमदार रेसनं चढत गेली आणि धुक्यात शिरली.

फोन छकुलीनं उचलला. “काका, आई चालवतेय. स्पीकरवर टाकू?”

“टाक! वहिनी, थांबा! आत्ताच्या आत्ता बाजूला घ्या!”

“इथे कुठे बाजू, भाऊजी? एकीकडे दरी, धुक्यात हात दिसत नाहीये. पण काय मस्त केलीत हो गाडी! पॅडल किती हलकं झालंय. पाय नुसता टेकवायचा.”

मिस्त्रीचा हात खिशात गेला. केबल तिथेच होती.

“वहिनी, ऐका माझं...”

“थांबा हं, उतार लागलाय.” इंजिनाचा आवाज चढत होता. मग वहिनीचा आवाज बदलला. “भाऊजी... मी पाय काढलाय. रेस कमी होत नाहीये. ब्रेक लावतेय, तरी ओढतेय. भाऊजी!”

मिस्त्रीनं फोन तोंडाशी धरला. “दादा, सोड.”

फोनमध्ये रेस उतरली. एकसारखी, गोल, शिकवल्यासारखी.

“झाली कमी,” वहिनी म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता. “कुणाशी बोललात तुम्ही?”

“फोन बंद करू नका. काही झालं तरी बंद करायचा नाही. छकुले, घट्ट धर. मी आहे... मी सांगतो...”

“काका,” छकुली म्हणाली, “आता तो मोठा उतार आला. इथे नेहमी रेंज...”

आवाज तुटला. मिस्त्रीनं पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. मग फोन टाकून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. वर धुक्यात कुठेतरी पिकअपची रेस चढत होती, आणि तो डोंगराकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडत होता, सोड, दादा, सोड. त्याच्या खिशातली केबल ताणली जात होती.