वळणठसा

सकाळी साडेसात वाजता सुकुमार मगदूम यांची गाडी विश्रामबागेतल्या त्यांच्या बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडली. मगदूमांना जाऊन त्या दिवशी चोवीस दिवस झाले होते.

त्यांची पत्नी पद्मजा खिडकीशी उभी होती. कोपऱ्यावर गाडी जराशी रेंगाळली, मगदूम रेंगाळत तशीच, आणि कोल्हापूर रस्त्याला लागली. आता ती अंकलीच्या पुलावर जाईल आणि दहा मिनिटं थांबेल. मगदूम पाटबंधारे खात्यात अभियंता होते. कृष्णेच्या पाण्याची पातळी नोंदण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरही सकाळी एकदा नदी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुलावरून गाडी मंडईत जाईल, भाजीची पिशवी मागच्या डिकीत घेईल आणि नऊच्या आत परत येईल. पिशवीत दोन माणसांपुरती भाजी असेल.

कोरड्या तापाच्या साथीचा तो पाचवा महिना होता. ताप हवेतून पसरे, म्हणून माणसांना घराबाहेर पडायला बंदी होती. गाड्यांना मात्र नव्हती. त्या काळात गाडी कोणी विकत घेत नसे. कंपनीच्या शोरूममधून ती तीन वर्षांच्या भाडेकरारावर घ्यायची, मुदत संपली की परत करायची नाहीतर करार वाढवायचा, अशी रीत होती. गाडी माणसाला हळूहळू शिकत जाई. ब्रेक किती उशिरा दाबतो, चौकात आधी कुठे बघतो, कोणत्या घरासमोर वेग कमी करतो, शेजारच्या सीटवर कोण असताना कसा चालवतो, अशा लाखो बारक्या गोष्टींतून त्या माणसाचा एक ठसा तयार होई. करार बदलला, गाडी बदलली, तरी ठसा नव्या गाडीत जाई. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं होतं वळणठसा. वळण म्हणजे रस्त्याचं आणि वळण म्हणजे स्वभावाचंही, म्हणून ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. साथ आली तेव्हा सरकारने या ठशाच्या भरवशावर रिकाम्या गाड्या रस्त्यावर सोडायची परवानगी दिली. माणूस घरात राही आणि त्याची गाडी त्याच्या वळणाने बाजारहाट करून येई.

करार रद्द करायला मात्र वारसाने शोरूममध्ये जाऊन अंगठा द्यावा लागे, आणि शोरूम पहिल्याच महिन्यात बंद झाली होती. त्यामुळे गेलेल्यांच्या गाड्याही जिवंत माणसांच्या गाड्यांसारख्याच फिरत राहिल्या. पुलाजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी पद्मजाला फोनवर सांगितलं होतं की रोज सकाळी तिथे सहा-सात गाड्या नदीकडे तोंड करून ओळीने उभ्या असतात. पूर्वी ती मंडळी तिथे उभं राहून गप्पा मारत, त्याच जागा. त्यातल्या किती गाड्यांना आता माणूस उरला आहे, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं.

पद्मजाला याची भीती वाटली नाही. मगदूम मिरजेच्या इस्पितळात बारा दिवस होते आणि तिला त्यांचं तोंडही पाहता आलं नव्हतं. निदान गाडी रोज परत येत होती.

मग एका गुरुवारी गाडी वेगळं वागली. पुलावरून आणि मंडईतून ती वेळेवर आली, पण दहा वाजता आपोआप सुरू होऊन दाराच्या पायरीला अगदी लागून उभी राहिली. पुढचं डावं दार उघडलं. चार मिनिटं ते तसंच उघडं होतं. मग दार मिटलं आणि गाडी निघून गेली. परतली ती एक वाजता. पद्मजाने फेरीची नोंद पाहिली. गाडी मिरजेला एका मोठ्या दवाखान्याच्या आवारात अडीच तास उभी होती. मगदूम गेले ते इस्पितळ हे नव्हतं. इथे फक्त मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या रोग्यांना तपासत. पुढच्या गुरुवारी तेच घडलं आणि त्याच्या पुढच्याही.

पद्मजाच्या मनाने एकच अर्थ घेतला. यांना काहीतरी मोठं दुखणं होतं, हे गुपचूप तिथे जात होते आणि आपल्याशी एका शब्दाने बोलले नाहीत. तापाने नेलं म्हणून ती रडली होती. आता तिला वाटू लागलं की त्यांच्या दुखण्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं. तिने गेल्या अकरा वर्षांच्या फेऱ्या शोधल्या. त्या दवाखान्यात मगदूम एकदाही गेलेले नव्हते.

त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला. मगदूमांचा करार महिनाअखेर संपत होता. सांगलीची शोरूम कायमची बंद करायची ठरली होती, त्याआधी शेवटचे पंधरा दिवस ती उघडी राहणार होती. गाडी परत केली तर ठसा पुसला जाईल. ठेवायची असेल तर पत्नीच्या नावाने तीन वर्षांची वाढ मिळेल.

शोरूम मिरज रस्त्यावर होती. पद्मजा प्रवासाचा पास काढून सरकारी बसने गेली. मगदूम गेल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती. काचेच्या मोठ्या दालनात एकही नवी गाडी नव्हती, फरशीवर फक्त चाकांच्या खुणा उरल्या होत्या. मागच्या आवारात मात्र शेकडो गाड्या दाटीने उभ्या होत्या. परत आलेल्या, पुसायच्या राहिलेल्या. मधूनच त्यातल्या एखादीचे दिवे लागत, ती हातभर पुढे सरके आणि वाट नाही असं पाहून पुन्हा थांबे.

तिथे एकच व्यक्ती कामावर होती, डॉ. रेहाना शिकलगार. वय पस्तिशीचं. वळणठशाच्या संशोधनात तिची दहा वर्षं गेली होती, आणि ती मूळची मिरजेची म्हणून कंपनीने आवराआवरीला तिलाच पाठवलं होतं. तिने पद्मजाला लांबच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

पद्मजाने शेवटी विचारलं, "गाडीला तिथला रस्ता कसा आठवला? हे तर तिथे कधी गेलेच नव्हते."

 रेहाना म्हणाली, "काकू, ठशाला आठवत काहीच नाही. आठवण मागची असते. ठसा पुढचं बघतो. काका आज असते तर त्यांनी काय केलं असतं, तेवढंच तो काढतो."

तिने समजावून सांगितलं. नदीला पूर येणार की नाही हे काका जसं वरच्या धरणांतलं पाणी, पाऊस आणि मागच्या शंभर वर्षांच्या नोंदी पाहून सांगत, तसंच हे आहे. एका माणसाचा ठसा आणि त्याच्यासारख्या लाखो माणसांच्या फेऱ्या शेजारी ठेवल्या की त्याची पुढची वाट बऱ्यापैकी दिसते. काका गेले हे ठशाला माहीत नाही. त्याच्या लेखी ते जगत आहेत.

"म्हणजे पुढे यांना तो आजार होणार होता?"

रेहानाने उत्तर द्यायच्या आधी फेऱ्यांची नोंद उघडली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पद्मजाला विचारलं की गाडीतून उतरताना तुम्ही हात कुठे ठेवता. पद्मजाला सांगता येईना. रेहानाने सांगितलं की तीन वर्षांपूर्वी डाव्या सीटवरून उतरायला पद्मजाला दोन सेकंद लागत. गेल्या दिवाळीत पाच लागत होते. उतरताना तिचा उजवा हात समोर टेकलेला असे आणि तो अगदी बारीक थरथरे. डोळ्यांना दिसणार नाही, पण गाडीला कळेल इतकाच. त्याच सुमाराला मगदूम गाडी पायरीच्या जवळ लावू लागले होते. पद्मजा शेजारी असली की गतिरोधकावर त्यांचा वेग निम्म्यावर येई. एकटे असताना येत नसे.

"त्यांना तुमचं काही समजलं होतं असं नाही," रेहाना म्हणाली. "समजलं असतं तर ते बोलले असते. त्यांच्या पायाला समजलं होतं. ब्रेकवरच्या."

पद्मजाने आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो स्थिर होता. गुरुवारी गाडी चार मिनिटं दार उघडून का थांबते, हे तिला त्या क्षणी कळलं.

तपासणी आठवडाभरात झाली. निदान मगदूमांच्या ब्रेकने केलं होतं तेच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, धीर धरा म्हणाले, आणि किती दिवस या प्रश्नाला उत्तर देणं टाळलं.

शोरूम बंद व्हायला आठवडा उरला असताना पद्मजा पुन्हा तिथे गेली. करार वाढवायचा की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. वाढवायच्या आधी पुढची तीन वर्षं पाहता येतील का, असं तिने विचारलं. रेहाना नको म्हणाली. नियमात बसत नाही हे तिने सांगितलंच, पण नियमापलीकडचंही सांगितलं. हे भविष्य नाही, कयास आहे, आणि एकदा ऐकलं की तो कयास डोक्यातून जात नाही. पद्मजाने ऐकलं नाही. रोज सकाळी ज्याची वाट पाहायची तो कुठे निघालाय हे मला माहीत असायला हवं, एवढंच ती म्हणाली.

मग रेहानाने वाचलं. गुरुवारच्या फेऱ्या चौदा महिने चालू होत्या. पुढे त्या आठवड्यातून दोनदा, शेवटी शेवटी रोज. मग थांबल्या.

"त्यानंतर?"

"त्यानंतर नऊ दिवस गाडी फाटकाबाहेर पडत नाही."

"आणि दहाव्या?"

"दहाव्या दिवशी पुलावर जाते, काकू. दहा मिनिटं नाही. दुपारपर्यंत उभी असते. मग मंडईत न जाता घरी येते."

 आपण मेल्यावर आपल्या नवऱ्याने काय केलं असतं, हे कोणत्याच बाईला कळत नाही; पद्मजाला कळलं होतं, आणि तेही तो आधी गेल्यानंतर. चाळीस वर्षांच्या संसारात मगदूमांनी तिला प्रेमाचा असा एक शब्द म्हटला नव्हता. तिने पदराने चेहरा पुसला आणि बस म्हणाली, पुढचं वाचू नको. करारावर तिने अंगठा दिला. पुढच्या गुरुवारी दहा वाजता डावं दार उघडलं तेव्हा ती पायरी उतरून गाडीत बसली. गाडी गतिरोधकावरून इतकी हळू गेली की मागून येणाऱ्या रिकाम्या गाड्यांची रांग लागली.

ही गोष्ट पद्मजाने फक्त आपल्या बहिणीला सांगितली. बहिणीने आणखी कुणाला तरी सांगितली असणार. शोरूम बंद व्हायला तीन दिवस उरले असताना रेहाना सकाळी आली तर काचेच्या दाराबाहेर सहा-सहा फुटांवर माणसं उभी होती. मुखपट्ट्या लावलेली, हातात प्रवासाचा पास घेतलेली, बहुतेक साठीच्या पुढची. तिला वाटलं, गाड्या परत करायला आली असतील. पहिल्या बाईने अर्ज पुढे केला नाही. तिने हळूच विचारलं की माझ्यानंतर आमच्या यांची गाडी किती दिवस थांबते.

रेहानाने सगळ्यांना परत पाठवायचा प्रयत्न केला. कोणी हललं नाही. दुपारी तिने एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली, कारण नाही म्हणणं तिला त्याहून क्रूर वाटू लागलं होतं. कोणाची गाडी तीन दिवस थांबत होती, कोणाची महिनाभर. एकीच्या नवऱ्याची गाडी थेट मुलीच्या गावी जाऊन तिथेच राहत होती. माणसं ते ऐकत, मान हलवत आणि हातात काहीतरी जपून धरल्यासारखी बाहेर पडत.

शेवटी वसंतराव आरवाडे आत आले. ते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांची पत्नी सुलोचना साथीच्या दुसऱ्या महिन्यात गेली होती. घरात गाडी तीच चालवायची, ठसा तिचाच होता. बावन्न वर्षांचा संसार, असं त्यांनी खुर्चीवर बसताना आपणहून सांगितलं. रोज सकाळी सात वाजता तिची गाडी दूध आणायला निघे तेव्हा ते गच्चीवरून हात करत.

रेहानाने नोंद उघडली. वसंतरावांचा शेवट सात वर्षांनी, पावसाळ्यात दिसत होता. तिने त्याच्या पुढचा दिवस पाहिला, मग त्याच्या पुढचा. खोटं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण दहा वर्षं ती या ठशांबरोबर राहिली होती आणि वसंतराव तिचा चेहरा वाचत होते.

"किती दिवस थांबते?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता निघते," रेहाना म्हणाली. "दूध आणायला."

 वसंतरावांनी गाडी परत करायचा अर्ज मागितला, तो नीट वाचून काढला, अंगठा दिला, आणि भर उन्हात पायी घराकडे निघाले.