टॉवरवरची भरलेली जागा

चिन्मय, तो मोबाइल ठेव खाली. संपदा, तूही. वीज येईस्तोवर एक सांगतो. भागवत टेलिफोनच्या कामाला लागला तो माझ्या हाताखाली. तो खोटं बोलला की मला लगेच कळतं. हे सांगताना तो खोटं बोलत नव्हता.

दोन हजार पंचवीस, सोळा मे, शुक्रवार. भागवत लॅपटॉप घेऊन दुपारी सेनगावहून निघाला. पलीकडच्या गावात बड्या जमीनदाराच्या पोरीचं लग्न होतं आणि ते अमेरिकेतल्या मामाला थेट दाखवायचं होतं. गावाला टॉवर एकच. त्यावर एका वेळी ठरावीक जोडण्यांनाच जागा. जागा भरली की नव्या कॉलला दारातूनच परत. कंपनीच्या साहेबानं सांगितलं, भागवतनं अर्धा टॉवर मांडवासाठी राखून ठेवला. उरलेल्या अर्ध्यात अख्खं गाव आणि दीड हजार वऱ्हाडी. रात्री नऊला ती राखीव जागा मोकळी करायचं ठरलं होतं. पण नऊला पंगत बसली. आधी पोटोबा! राहून गेलं ते राहूनच गेलं.

गावाच्या टोकाला म्हातारी जनकाबाई घरी एकटीच होती. आठ चाळीसला तिला मण्यार डसली. आपल्याकडे साप डसला की कोणी सरकारी नंबर लावत नाही, जीपवाल्याला लावतं. तिनं जीपवाल्या वसरामला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मण्यारीच्या विषानं आधी गळा धरतो, ओरडता येत नाही. मांडवात बँड चालू, वसराम तिथंच, फोन खिशात. शेवटचा प्रयत्न साडेदहाचा. सकाळी नात पुनम आली तेव्हा म्हातारीच्या गार पडलेल्या मुठीत फोन होता. एकतीस वेळा लावला होता. मला अजून संताप येतो.

तिसऱ्या दिवशी वसरामनं विचारलं, "भागवत, माझा फोन तर चालू व्हता. मंग काहून न्हाई लागला?"

"गर्दी व्हती दादा. मशीनचं काय सांगता येतं?"

असं बोलला हा शहाणा.

सव्वीस मे, सोमवार. अमावस्या. गावात दुपारपासून वीज नव्हती, म्हणून टॉवरची बॅटरी बघायला भागवत गेला. आठ पस्तीसला कुंपणाचं कुलूप काढलं. बॅटरी संपलेली. पंखे बंद. दिवे बंद. टॉवर मेलेला.

सवयीनं त्यानं लॅपटॉप जोडला.

आणि पडद्यावर ओळ उमटली. एक नवी जोडणी जागा मागतेय... नाकारली.

पुन्हा. नाकारली.

पुन्हा...

त्यानं वायर उपटली. ओळी थांबल्या नाहीत. तो मोजू लागला. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

एकतीस.

मग काहीच नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

खिशातला फोन वाजला. रेंज शून्य. त्यानं उचलला. नुसता श्वास... ओढत घेतलेला...

"वसराम... व्हय का रं बाबा?... जीप..."

भागवत म्हणाला, "आजी... मी भागवत. जागा मी अडवली व्हती. काढायची इसरलो."

पलीकडून काही नाही.

पण फोन तुटला नाही.

तसाच धावत तो वसरामच्या दारी गेला, सगळं कबूल केलं. वाटलं, हा आता मारतो. वसरामनं हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "पंगतीत तू माझ्याच शेजारी बसला व्हता की."

भागवतनं कंपनीला लिहून दिलं. कंपनीनं 'यंत्रातला बिघाड' म्हणून कागद मिटवला. भागवतनं नोकरी सोडली.

त्या टॉवरवर मात्र एक जोडणी तेव्हापासून चालू दिसते. नंबर नाही, नाव नाही. कंपनीनं मशीन बदललं, तरी आहे. नियम तुम्हाला सांगतो, चालू असलेली जोडणी तोडायची नसते. शेवटी साहेबांनी कागदावर टॉवरची क्षमता एकानं कमी करून टाकली. जितेपणी म्हातारीला जी जागा दिली नाही, ती आता रोज देतात.

परवाच तिथं दोन दिवस वीज नव्हती. टॉवर बंद. नवा पोरगा सुरू करायला गेला. बटण दाबायच्या आधीच एक जागा भरलेली होती.