राद्काचं विरजण

राद्का गेली त्याच्या आदल्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नाही. सकाळी तिने बरणीभोवती गुंडाळलेली जुनी लोकरीची बंडी सोडवली, चमच्याच्या टोकावर दही घेतलं आणि लेकीच्या नाकासमोर धरलं.

“कसं झालंय?”

नेवेनाने पुस्तकातून मान वर न काढताच चमचा तोंडात घेतला. “हं.”

“हं काय? शेजारच्या गींकाची गायसुद्धा याहून जास्त बोलते.”

“आई, दही आहे ते. काल होतं तसंच आज आहे.”

“अख्खी लायब्ररी वाचून झाली, आणि आईसाठी शब्द एकच! एकदा तुला विरजण लावायला शिकवते.”

“दुकानात मिळतं की.”

“दुकानातलं दही कुणाचंच नसतं, बाळा,” राद्का म्हणाली आणि उरलेलं दही छोट्या बरणीत भरून तिने फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आलुबुखारं वेचता वेचता ती झाडाखाली जरा टेकली, ती पुन्हा उठलीच नाही.

चाळिसावा दिवस जवळ आला तशी नेवेना, गावच्या रिवाजाप्रमाणे, स्मरणाची पत्रकं चिकटवायला निघाली. वर आईचा फोटो, खाली ‘चाळीस दिवस’. घराच्या दारावर एक लागलं, बेकरीवर एक. शाळेसमोरच्या खांबाशी मात्र वाऱ्याने छळ मांडला. चिकटपट्टीचं टोक सापडेना, कागद हातात ठरेना…

“थांबा, मी धरतो.”

एक लांब हात तिच्या डोक्यावरून गेला आणि त्याने कागद खांबाला दाबून धरला.

“आभारी आहे. जरा डावीकडे घ्या. नाही, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे.”

तो माणूस थबकला. “हा आवाज… तुम्ही लायब्ररीतल्या? दर सोमवारी फोन करणाऱ्या?”

नेवेनाने वळून पाहिलं. कोटाला खडू लागलेला, केस विस्कटलेले. “पाणपक्ष्यांचं पुस्तक! वसंतात नेलंत, अजून परत नाही. ते देयान तुम्हीच?”

“मीच तो गुन्हेगार. इथे जीवशास्त्र शिकवतो.” तेवढ्यात त्याची नजर फोटोवर गेली, आणि हसू विरलं. “म्हणून फोन थांबले होते… माफ करा. मला वाटलं, तुम्ही माझा नाद सोडलात.”

वाऱ्याने पत्रकाचा कोपरा फडफडला. आणि कुणालाच न सांगितलेली गोष्ट नेवेनाच्या तोंडून निघून गेली.

“मायक्रोस्कोपमधून कळतं का हो, एखादी गोष्ट जिवंत आहे की नाही?”

“कुठली गोष्ट?”

“दही. आईच्या हातचं शेवटचं, बरणीत आहे अजून.”

तो हसला नाही. नेवेनाला त्याच्यातलं पहिलं आवडलं ते हेच.

“उद्या शाळा सुटल्यावर या,” तो म्हणाला. “बरणी घेऊन.”

प्रयोगशाळेत व्हिनेगरचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. नेवेनाने बरणी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. देयानने मात्र खिशातून कांदा काढला.

“मी दह्यासाठी आलेय.”

“माझ्या वर्गात सगळे कांद्यापासून सुरू करतात. पाचवीतली मुलं काय आणि लायब्ररियन काय.”

त्याने कांद्याचा पातळ पापुद्रा काढून काचपट्टीवर पसरला, वर आयोडीनचा थेंब टाकला आणि स्टूल पुढे सरकवलं. नेवेना वाकली.

“काळं जंगल दिसतंय.”

“त्या तुमच्या पापण्या आहेत,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून, “लांब आहेत, त्याला मी काय करणार? थोडं मागे या. आणि दुसरा डोळा मिटू नका.”

“हां… आता एक गोल दिसतोय. काळ्या काठाचा, किती रेखीव! ही पेशी?”

“तो हवेचा बुडबुडा. पहिल्या दिवशी सगळेच बुडबुड्याच्या प्रेमात पडतात.”

“तुम्हीही?”

“मी तर अजून पडतो. पट्टी उजवीकडे सरकवा, चित्र डावीकडे जाईल. इथे सगळं उलटं चालतं.”

आणि एकाएकी त्या धूसर पिवळेपणातून विटांची भिंत उभी राहिली. वीट वीट वेगळी, आणि जवळजवळ प्रत्येकीत एक गडद ठिपका.

“ठिपका म्हणजे केंद्रक,” तो हळूच म्हणाला. “पेशीचा कारभार तिथून चालतो.”

घरात एवढे कांदे चिरले, आणि हे आत होतं! आईला दाखवायला हवं, असं मनात आलं… आणि नेवेनाचे डोळे भरून वाहू लागले. अंत्यविधीलाही न आलेलं रडू होतं ते.

देयानने रुमाल पुढे केला. “कांदा तिखट आहे,” एवढंच तो म्हणाला.

मग दह्याची पाळी आली. सुईच्या टोकाएवढं दही त्याने काचेवर पसरून वाळवलं, ज्योतीवरून फिरवलं, निळा रंग चढवून धुतलं आणि सर्वांत मोठं भिंग लावलं. नेवेनाने पाहिलं, तर बारीक निळ्या काड्या, आणि त्यांच्यामधून मण्यांच्या माळा.

“किती आहेत! जिवंत आहेत ना?”

हो म्हणणं सोपं होतं.

“माहीत नाही,” देयान म्हणाला. “ज्योतीवर धरले तेव्हाच हे जिवाणू मेले. आणि आधी मेलेला असो की आता, या रंगात दोन्ही सारखेच दिसतात.”

“म्हणजे तुम्ही मारलेत?”

“सुईच्या टोकाएवढे. बाकीचे बरणीत आहेत. त्यांचं खरं काय ते फक्त दूध सांगेल, विरजण लावून बघितल्यावर.”

नेवेनाने बरणी छातीशी ओढली. “आणि नाहीच लागलं तर? आत्ता निदान… फ्रिज उघडला की ती आहे असं वाटतं.”

“तसंच ठेवलंत तर रोज थोडे थोडे कमी होत जातील. नुसतं जपून ठेवल्याने ते जगत नाहीत, नेवेना. त्यांना खायला लागतं.”

तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. ती बरणी घेऊन दाराशी गेली, थांबली.

“शनिवारी घरी या. सकाळी.”

शनिवारी शेजारच्या गींकामावशीने दूध आणून दिलं आणि पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दूध तापलं, निवायला ठेवलं.

“किती गरम हवं?” देयानने विचारलं.

“आई करंगळी बुडवायची. तीन म्हणेपर्यंत चटका जाणवला पाहिजे, पण काढून घ्यावीशी वाटता कामा नये.”

दोघांनी करंगळ्या बुडवल्या. एक, दोन… तीनच्या पुढेही कुणी काढून घेईना.

“सात झाले,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला,” ती लाल होत म्हणाली.

तिने बरणीतलं सगळं दही दुधात ढवळलं, राखून काहीच ठेवलं नाही. पातेलं बंडीत गुंडाळलं आणि दोघं अंगणात गींकामावशीच्या लाल ढोबळी मिरच्या भाजायला बसले. गल्लीभर तोच खमंग धूर होता.

“अहो सर,” मावशी ओरडली, “मिरची जळतेय! मिरची भाजताना मिरचीकडे बघायचं असतं!”

देयान ओशाळला. मिरची उलटवत, नेवेनाकडे न बघता तो म्हणाला, “ते पुस्तक मी मे महिन्यातच वाचून संपवलं.”

“मग परत का नाही केलंत?”

“परत केलं असतं, तर सोमवारी फोन कशाला आला असता?”

नेवेनाने मिरच्या सोलायला घेतल्या. बराच वेळ ती एकच मिरची सोलत होती.

ऊन कलल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. बंडीची गाठ सोडवली. झाकण काढलं, पातेलं कलतं केलं… पांढरा पृष्ठभाग हलला नाही. जरा सैल होतं, काठाला पाणी सुटलं होतं, पण लागलं होतं!

तिने चमच्याच्या टोकावर दही घेतलं आणि देयानच्या तोंडासमोर धरलं. “कसं झालंय?”

“हं,” तो डोळे मिटून म्हणाला.

नेवेना खळखळून हसली. इतक्या दिवसांनी स्वतःचंच हसू तिला अनोळखी वाटलं. “हं नाही चालणार. नीट सांग.”

त्याने डोळे उघडले. “असं दही मी उभ्या जन्मात खाल्लेलं नाही. आणि पुस्तक मी कधीच परत करणार नाही.”

“नको करूस,” ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवरचा खडू झटकता झटकता तिचा हात तिथेच राहिला.

मग तिने तोच चमचा पुन्हा भरला, तोंडात घेतला आणि चुलीजवळच्या आईच्या रिकाम्या स्टुलाकडे वळली.

“छान झालंय, आई,” नेवेना मोठ्याने म्हणाली. “रोजच छान व्हायचं.”