तळघरातली वाकडी रेषा

बाहेरून कडी सरकली, दिवा विझला आणि तंत्रज्ञकाकांच्या चपला जिन्यावरून फटफटत वर निघून गेल्या. काका मुलांना पाहिलं की हुसकावतात, म्हणून तिघं यंत्रामागे दबा धरून बसले होते. काकांनी आत डोकावण्याचे कष्टही घेतले नाहीत.

तिघं म्हणजे ताई, तिचा धाकटा भाऊ पोपट आणि आत्याचा चष्मिस मुलगा. सुट्टीत ते आत्याच्या प्रयोगशाळेत रोज येत. त्यांनी दार बडवलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पण तळघराच्या भिंती हातभर जाड. ताईचा मोबाइलही इथे मुका झाला होता. त्यात ताईनेच आत्याला ‘आम्ही बागेत जातो’ अशी थाप मारली होती. संध्याकाळी इमारत सुट्टीसाठी बंद होणार, ती उघडणार थेट पुढच्या आठवड्यात. आत्या त्यांना गावभर शोधेल, पण बाहेरून कडी असलेल्या खोलीत कशाला बघेल?

कधी नव्हे तो पोपट गप्प झाला. ताईला रडू येत होतं, पण तो तिचा हात घट्ट धरून बसला होता, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती.

अंधारात फक्त यंत्राचे लाल आकडे आणि शेजारचा छोटा काटा दिसत होता. चष्मिसने पोपटला धीर यावा म्हणून यंत्राची गोष्ट सांगायला घेतली. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या कणांमुळे आपल्यावर सतत बारीक कणांचा मारा होतो. छप्पर, भिंती, आपली डोकी, सगळं भेदून ते जातात. यंत्रात एकावर एक दोन पत्रे आहेत, दोन्हींतून एकदम कण गेला की यंत्र तो मोजतं. सूर्यावर वादळ झालं आणि ते पृथ्वीवरून गेलं, की बाहेरचे कण अडतात आणि आकडा घटतो.

"परवाच सूर्यावर मोठं वादळ झालंय," चष्मिस म्हणाला. "आई तेव्हापासून आकड्याकडेच डोळे लावून बसलीये. यंत्राला वादळ दिसत नाही म्हणून मोठे साहेब ते बंद करणार आहेत. आज शेवटची बैठक आहे."

"पण आकडा घटतोय की," पोपट म्हणाला.

खरंच घटत होता. हळूहळू खाली आला, आणि मग अचानक उडी मारून होता तिथे परत! त्याच वेळी शेजारचा काटाही पुढे सरकला होता. तो काटा यंत्राच्या वीजदाबाचा; दाब वाढला की यंत्र जास्त कण मोजतं. आणि दाबाचं बटण वर, काकांच्या खोलीत.

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काका दाब वाढवून आकडा वर आणतात! आत्याला वादळ दिसणार कुठून?"

"वर कागदावर आकड्याची रेषा उमटते ना, त्यांना वाटतं, ती सरळ म्हणजे यंत्र ठणठणीत," चष्मिस म्हणाला.

"मग त्यांची रेषा अशी वाकडी करू, की बटणाने सरळ होणारच नाही."

आत्या पुसायला ओढायची तसा त्यांनी वरचा पत्रा रुळांवरून पार बाजूला ओढला. आकडा धाडकन कोसळला. काटा पुढे गेला, आणखी पुढे गेला, शेवटाला टेकून थरथरत राहिला. आकडा काही वर येईना. तिघं श्वास रोखून बसले. पोपट पुटपुटला, काका घरी गेले असतील तर?

मग जिन्यावर चपला धावत आल्या. कडी निघाली. दारात घामाघूम काका, मागे बैठकीतून उठून आलेले मोठे साहेब आणि त्यांच्याही मागे आत्या. तिने आधी तिघांना पोटाशी धरलं, मग तिघांचेही कान पिळले. ताईने थापेसकट सगळं सांगून टाकलं.

काकांची मान खाली गेली. "रेषा वाकली की मला बिघाडच वाटायचा. मी आपला नीट करायचो."

आत्याने पत्रा जागेवर आणवला, दाब पूर्वीइतका करायला लावला. आकडा वर चढला, पण नेहमीपेक्षा खालीच राहिला. सूर्याचं वादळ पहिल्यांदाच तिच्यासमोर होतं. तिने लगेच वही काढून आकडा टिपला.

साहेबांनी मुलांच्या पाठीवर थाप मारली. यंत्र चालू राहील, म्हणाले, आणि दाराला आतूनही उघडता येईल अशी कडी बसेल.

वर कागदावर वादळाच्या उताराशेजारी मुलांनी पाडलेला खोल खड्डा उमटला होता. एवढा तरी पुसून टाकू का, असं काकांनी हळूच विचारलं.

"अजिबात नाही," आत्या म्हणाली. "तिथे माझी पोरं अडकली होती."