एका होडीचे दोन ठिपके

त्या रात्री आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीचे दिवे गेले नसते तर ही गोष्ट मी ऐकलीच नसती, आणि ते बरं झालं असतं. पंखा बंद पडला की आमच्या अद्वयचा भोंगा सुरू होतो. म्हणून त्याला खांद्यावर टाकून गच्चीवर गेले. तिथे माझी नणंद ऋजुता आधीच बाळकाकांशी वाद घालत बसली होती.

बाळकाका तिसऱ्या मजल्यावरचे. उभा जन्म बोटींवर यंत्रं बसवण्यात गेला. आता निवृत्त आहेत, पण कुणाची होडी अडली की फोन अजून त्यांनाच येतो. ऋजुता आणि तिचे मित्र मिळून एक जुनी शिडाची होडी घ्यायच्या बेतात होते. वाद त्यावरूनच.

"काका, टॅबलेट आहे ना माझ्याकडे. ॲप टाकलं, नकाशे उतरवून घेतले, झालं काम. तुमचा तो चार्टप्लॉटर म्हणजे नुसता खर्च. स्क्रीन वीतभर आणि किंमत स्कूटरएवढी!"

"टॅबलेट चांगलाच असतो गं. उन्हात तापून बंद पडतो, ओल्या बोटाला ओळखत नाही. पण चांगला असतो."

"कळला टोमणा."

"टोमणा नाही. नकाशा प्लॉटरही दाखवतो, पण तो होडीलाच पक्का बसवलेला असतो, होडीच्याच बॅटरीवर चालतो. होडीच्या तळाला सेन्सर असतो, तो खाली पाणी किती आहे ते तिथल्या तिथे मोजतो. टॅबलेट सांगतो ती खोली कुणीतरी पूर्वी मोजून नकाशावर लिहून ठेवलेली. एवढाच फरक."

"मग दोन्ही ठेवू. एक चुकला तर दुसरा आहे."

काकांनी समोर पाहिलं. समोरच्या इमारतीतही अंधार होता. मग म्हणाले, "त्यानेही दोन्ही ठेवले होते."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. थर्मामीटर नॉर्मल दाखवत असताना खात्रीसाठी आणखी एका ॲपला विचारणारी बाई मी; मला असल्या गोष्टी झेपत नाहीत. पण अद्वयचा नुकताच डोळा लागला होता, आणि खाली पंखा नव्हता. बसले.

"नयन म्हणून आहे, कोलशेतचा," काका सांगू लागले. "माझ्या चांगल्या ओळखीतला. आजोबा मिठागरावर राबले, वडिलांनी जमीन सांभाळली, नयनच्या वाट्याला टॉवर आले. पैसा आला तसा त्याने शौक केला. दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या मुहूर्तावर वसईच्या एका माणसाकडून शिडाची होडी घेतली. दुसऱ्या दिवशी ती खाडीतून कोलशेतला आणायची होती. चैत्र शुद्ध द्वितीया. त्या तिथीला उधाणाची भरती मध्यरात्रीनंतर भरते, आणि खाडीत वर यायचं तर भरतीच्या पाठीवर बसून यावं. म्हणून रात्र निवडली. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

"सोबत विकी. नयनच्या बायकोचा, कल्पिताचा, धाकटा भाऊ. नयनच्या सासूचा, सखुबाईंचा, एकुलता एक मुलगा. त्या सोडायलाच तयार नव्हत्या. शेवटी नयनला म्हणाल्या, 'जावईबापू, तुमच्या हातात देते त्याला. तुमच्याच हातून परत पायजे.' नयन हसला. 'आई, खाडीतनं आणतोय होडी, दुबईवरनं नाय.'

"प्लॉटर होडीवर होता, मीच तपासून दिलेला. सुकाणूजवळ, नयनच्या गुडघ्यासमोर. विकीने स्वतःचा टॅबलेट आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि नाळीवर जाऊन बसला. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. 'दाजी, तुमचा डबा ठेवा तुमच्याजवळ. माझ्याकडे सिनेमाच्या पडद्यासारखं दिसतंय.' नयन म्हणाला, 'सिनेमा बघ, पण पुढे काय येतंय ते पण बघ.'

"भाईंदरच्या आणि घोडबंदरच्या पुलांखालून डोलकाठी आडवी घालून, इंजिनावर आले. पूल मागे पडल्यावर काठी उभी केली, शीड चढवलं, इंजिन बंद केलं. पश्चिमेचा वारा होता. पाठीमागून भरती. द्वितीयेची कोर केव्हाच मावळलेली. नयन मला म्हणाला होता, काका, आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

"दोघे अधूनमधून ताडून बघत होते. विकी ओरडून खोली सांगायचा, नयन प्लॉटरवर बघून 'हो' म्हणायचा. इंजिन नाही, आवाज नाही, बोलायला काहीतरी हवं ना. विकी म्हणाला पाच मीटर, की प्लॉटरवर पाच. दोन्ही स्क्रीनवर होडीचा ठिपका खाडीच्या मधोमध. उजव्या हाताला घोडबंदर रोडच्या टॉवरांचे दिवे.

"गायमुख मागे पडलं आणि विकी म्हणाला, 'तीन मीटर, दाजी.'

"प्लॉटरवर पाच होते.

"नयनला काही वाटलं नाही. रेती काढून काढून खाडीचा तळ बदललाय. नकाशा जुना असणार. तो म्हणाला, 'माझ्याकडे पाच आहे.'

"'दोन.'

"'विकी, नीट बघ रे.'

"'नीटच बघतोय. आपण फाट्यात शिरलोय, दाजी. जुन्या मिठागरांकडे जातो तो. तुम्ही वळवली का?'

"नयनने सुकाणू हलवलंच नव्हतं. प्लॉटरवर होडी खाडीच्या मधोमध, सरळ. तो म्हणाला, 'कुठला फाटा? टॉवरांचे दिवे दिसतायत की उजवीकडे.'

"विकी म्हणाला, 'कुठले दिवे?'"

ऋजुता म्हणाली, "जीपीएस सरकतं काका. टॅबलेटचं तर सर्रास सरकतं."

"सरकतं. नयनही तेच म्हणाला. 'तुझा टॅबलेट येडा झालाय. डोकं वर कर आणि डोळ्यांनी बघ.' विकीने डोकं वर केलं. अंधारात त्याचा चेहरा नयनला दिसत होता, टॅबलेटच्या उजेडामुळे. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. म्हणाला, 'डोळ्यांनीच बघतोय, दाजी. दोन्हीकडे तिवरं आहेत. हात लांब केला तर पानं लागतील.'

"नयनने पाहिलं. दोन्हीकडे उघडं पाणी."

काका बाटलीतलं पाणी प्यायले. ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. मी अद्वयच्या पाठीवर हात ठेवून त्याचा श्वास बघत होते, जसा मी रात्री दहादा बघते.

"नयनला सगळ्यात आधी काय खटकलं माहीत आहे? आवाज. होडी केवढी, तर या गच्चीच्या टाकीपासून कठड्यापर्यंत. नाळीवरचा माणूस कुजबुजला तरी सुकाणूवर ऐकू येतं. पण विकीचा आवाज… लांबून यायला लागला. पाण्यावरून येतो तसा. आधी वाटलं वारा असेल. वारा मागून होता, त्याने आवाज पुढे जाईल हे खरं. पण मग चेहरा.

"टॅबलेटच्या उजेडातला तो चेहरा लहान होत चालला होता.

"नाळ तिथेच होती. शीड तिथेच. शिडाच्या पलीकडे, नाळीच्या टोकावर बसलेला विकी… लहान. नारळाएवढा. मग लिंबाएवढा.

"'विकी, मागे ये. माझ्याजवळ येऊन बस.'

"'काय?'

"'मागे ये म्हणतोय!'

"'ऐकू येत नाय दाजी! एक मीटर! तळाखालची फळी वर घ्या!'

"नयनच्या हाताखाली होडी छान चालली होती. तळाला पाणी लागत होतं. प्लॉटरवर पाच.

"आणि मग विकी म्हणाला, 'लागली.'

"आता हे तुम्हाला सांगायला हवं. आपल्या खाडीत होडी चिखलाला लागली, की पुढचा माणूस विचारत बसत नाही. उतरतो, नाळीला खांदा लावतो, ढकलतो, सुटली की उडी मारून परत चढतो. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. विकीचे आजोबा उतरायचे, त्याचे काका उतरायचे, नयनही उतरायचा. उतरायला उशीर केला तर भरती ओसरते आणि होडी अडकते ती अडकतेच. त्यामुळे कुणी थांबत नाही.

"'लागली दाजी! चिखल आहे. उतरतो मी.'

"नयन किंचाळला. 'उतरू नको! होडी चालतेय, विकी! पाच मीटर पाणी आहे! उतरू नको!'

"सुकाणू सोडून तो पुढे धावला. शिडाचा दोर पायात आला, पडला, उठला. नाळीपर्यंत पोचला.

"नाळीवर कुणी नव्हतं.

"अंगात लाइफ जॅकेट होतं विकीच्या. जॅकेटवाला माणूस बुडत नाही, वर येतो. पण नयन दुसरंच सांगत होता. म्हणाला, काका, मी धावत असताना कान तिकडेच होते. एवढा माणूस पाण्यात पडला… आणि पाण्याचा आवाज आलाच नाही."

ऋजुता सरकून माझ्याजवळ येऊन बसली.

"त्याने शीड पाडलं. इंजिन लावलं. गोल फिरला. बॅटरी मारली. हाका मारल्या. आणि… ओ आली.

"काठाकडून. तिवरांच्या पलीकडून. धाप लागलेल्या, पण खुशीतल्या माणसाची. 'सुटली दाजी! सुटली! चला, जाऊ द्या!'

"नयनने होडी तिकडे वळवली. प्लॉटरवर मध्ये जमीन. बांध, तिवरं, मग पुन्हा चिखल. पाणी नाही. काठाला नाळ घासली. पुढे जाता येईना. तो ओरडत राहिला, 'कुठे आहेस? थांब तिथेच!' पलीकडून तेच. 'चला दाजी, जाऊ द्या!' जसं काही होडी त्याच्या समोरून चालली आहे. आणि तो तिच्या मागे… चिखलातून… पळतोय.

"मग कमी होत गेलं.

"मग नाही.

"त्याने कल्पिताला फोन लावला. 'विकी उतरला.' ती म्हणाली, 'कुठे उतरला?'

"त्याने फोन ठेवला.

"पेट्रोल संपेपर्यंत फिरला. काय करणार होता? पाण्यात उडी मारावी तर पाण्यात विकी नाही. चिखलात उतरावं तर चिखल कुठे आहे तेच कळत नाही. भरतीचं शेवटचं पाणी होडीला ढकलत कोलशेतकडे घेऊन गेलं. त्याने ढकलू दिलं. 'तुमच्याच हातून परत पायजे…' तेवढंच डोक्यात. हात मांडीवर होते, म्हणाला. उताणे."

खाली कुणाची तरी बाइक आली आणि गेली.

"प्लॉटर नंतर मी पाहिला," काका म्हणाले. "होडीचा सगळा मार्ग त्यात उमटलेला असतो. विकी उतरला तोवर होडी कुठेही थांबली नव्हती. तळ कुठेही लागला नव्हता. आणि विकीने टॅबलेटचं लोकेशन कल्पिताच्या फोनला जोडून दिलं होतं, बहिणीला काळजी नको म्हणून. त्यात शेवटचा ठिपका मिठागरांच्या फाट्यात. अर्धा कोस आत. दोन्ही यंत्रं नीट होती, ऋजुता. मी टॅबलेटही तपासला असता… पण तो मिळाला नाही. विकीही नाही. गावातल्या सगळ्या होड्या गेल्या, अग्निशमनवाले आले. फाट्यात गुडघाभर चिखल. त्यावर पायाचा ठसासुद्धा नाही."

"आणि नयन?" मी विचारलं. माझा आवाज मलाच आवडला नाही. "तो… धक्क्याला कसा लागला? एकटाच होता ना?"

काकांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मला वाटलं, सांगणार नाहीत.

"नाळ धक्क्याला टेकली, एवढं त्याला आठवतं. उठायचं त्राण नव्हतं. दोर घेऊन धक्क्यावर कुणीतरी उतरावं लागतं, नाहीतर ओहोटी होडीला परत ओढून नेते. तो उठला नाही. नेऊ दे, म्हणाला. तेवढ्यात पुढचा दोर सळसळला. नवा, पांढरा दोर. वेटोळं उलगडत गेलं, धक्क्यावर, अंधारात. नयनने हाक मारली. एकदाच.

"सकाळी कल्पिता आणि गावातली माणसं आली. तोवर ओहोटी लागून पाणी दोन पुरुष उंचीइतकं खाली गेलेलं. होडी धक्क्याला होती. नयन सुकाणूपाशी बसलेला. एवढं पाणी उतरल्यावर बांधलेली होडी दोराला लटकते, नाहीतर दोर तुटतो. ती लटकली नव्हती. अलगद चिखलावर टेकली होती.

"लोक दोर सोडायला गेले. गाठच नव्हती.

"दोर धक्क्याच्या कडीतून नुसता ओवलेला. दुसरं टोक पलीकडच्या बाजूला खाली चिखलात पडलेलं. सैल. पाणी उतरेल तसा कुणीतरी तो थोडा थोडा सोडत गेलं होतं. रात्रभर. कडीपासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या दोरावर… मुठीखाली मूठ, मुठीखाली मूठ… काळा चिखल."